कूळ, कार्ड आणि संस्था : कळवणच्या डांगातून दिसणारा सिकलसेलचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्याचे दोन भाग शेतीच्या अंगाने सहज वेगळे करता येतात. पूर्वेकडे गिरणेच्या आणि विहिरींच्या पाण्यावर कांदा व ऊस पिकवणारी, बाजार समितीशी आणि साखर कारखानदारीशी जोडली गेलेली गावे आहेत. पश्चिमेकडे, अभोणा-कनाशीच्या पुढे, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला भिडणारा आणि बोलण्यात ‘डांग’ म्हणून ओळखला जाणारा डोंगराळ पट्टा आहे, जेथे कोकणा आणि भिल्ल या आदिवासी समाजांची वस्ती असून त्यांचे सोयरसंबंध सुरगाण्यामार्गे थेट गुजरातच्या डांग जिल्ह्यापर्यंत आणि वलसाड-नवसारीच्या डोंगरी भागापर्यंत पोहोचतात. या पट्ट्याचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो बहुतांशी सप्तशृंगीच्या गडाचा, बागलाणच्या किल्ल्यांचा, जंगलाचा आणि जमिनीचा आहे. मात्र सोयरिकीच्या वाटांनी डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेला एक आनुवंशिक रक्तविकारही या प्रदेशाच्या इतिहासाचा भाग असून, त्याने बाधित झालेल्या कुटुंबांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम महाराष्ट्रात कोणी आणि कोठून केले, आणि कळवणसारख्या तालुक्यापर्यंत ते कोणत्या रूपाने आले, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासण्याजोगा आहे.

हा विकार म्हणजे सिकलसेल. रक्तातील तांबड्या पेशींमध्ये प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते आणि त्या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल बसले, की प्राणवायू सुटल्यानंतर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि गोल, लवचीक पेशी ताठ होऊन विळ्याच्या आकाराची बनते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जेथे अडकतात तेथे हाडासांध्यांत असह्य ठणका उठतो. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगत असताना ही पेशी १० ते २० दिवसांतच फुटत असल्याने रुग्ण कायमचा फिकट राहतो आणि त्याच्या डोळ्यांत कावीळ दिसते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाचे रक्षण करीत असल्यामुळे आजार तेव्हा दिसत नाही आणि साधारण सहा महिन्यांनंतर, म्हणजे बाळ बाळसे धरण्याच्या वयात, तो डोके वर काढतो. आधी चांगले असलेले मूल अचानक खंगू लागते, हा क्रम लक्षात घेतला म्हणजे भगताकडे नेण्याची, नजर किंवा बाहेरची बाधा शोधण्याची प्रथा केवळ अज्ञानातून आली असे म्हणता येत नाही, कारण डोळ्यांना जे दिसते त्याचा तोच अर्थ त्या वेळी हाताशी होता.

आजाराचा वारसा आई आणि वडील या दोघांकडून येतो. दोघांपैकी एकाकडूनच दोषयुक्त जनुक मिळाले, तर ती व्यक्ती ‘वाहक’ ठरते आणि सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. दोघांकडून मिळाले तर ‘रुग्ण’ होते. दोन वाहकांच्या जोडप्यात प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि दोषमुक्त असण्याची चारात एक असते. हे प्रमाण प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. चार मुलांपैकी एकालाच आजार होईल आणि पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब त्यातून निघत नाही. समुपदेशनाच्या कामात सर्वाधिक घोटाळा याच ठिकाणी होतो, आणि त्याचे परिणाम कुटुंबाला दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात भोगावे लागतात.

हे जनुक या डोंगरांत टिकून का राहिले, याचे उत्तर हिवतापात सापडते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले, की सिकलसेलच्या वाहकांना प्राणघातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणजे ज्या प्रदेशात हिवताप पिढ्यान्‌पिढ्या मुले नेत होता, तेथे वाहक मुले जगण्याची शक्यता अधिक राहिली आणि जनुक समाजात रुजले. डांगची जंगले ब्रिटिश अधिकाऱ्यांत हिवतापासाठी कुप्रसिद्ध होती आणि पावसाळा सरताना तेथे मुक्काम करणे त्यांना नको असे. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, डीडीटीची फवारणी झाली, हिवतापाचा जोर ओसरला. परंतु ज्या रोगाशी झुंजताना हे जनुक टिकले तो मागे हटला तरी जनुक मागे हटत नाही. शिवाय भारतीय आणि अरबी प्रदेशांतील सिकलसेल जनुकाची आनुवंशिक पार्श्वभूमी आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळी असल्याचे १९८०च्या दशकात सिद्ध झाले, त्यामुळे हा आजार कोणा परकीयांबरोबर अलीकडे येथे आला ही समजूतही टिकत नाही.

वैद्यकाच्या इतिहासात सिकलसेलची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताच्या तपासणीवरून केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे सिद्ध केले, आणि पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी त्या रेणूतील एकच बदललेले अमिनो आम्ल शोधून काढले. भारतात लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत १९५२ मध्ये तो नोंदवला, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही तो आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूर परिसरातील नोंद प्रसिद्ध केली. या सर्व नोंदी संशोधकांनी संशोधकांसाठी केलेल्या होत्या. ज्याचे रक्त घेतले गेले त्याला निष्कर्ष सांगितला गेला का, आणि सांगितला असल्यास तो कोणत्या भाषेत, याची चर्चा त्या काळच्या वैद्यकीय लेखनात सहसा आढळत नाही.

महाराष्ट्रात प्रयोगशाळेतून पाड्यापर्यंतचे अंतर तोडण्याचा दीर्घ प्रयत्न पुण्यातून झाला. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित असलेले डॉ. सुदाम काटे यांनी १९७०च्या दशकापासून राज्यातील आदिवासी समाजांच्या रक्ताचे सर्वेक्षण हाती घेतले आणि पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या आधाराने, म्हणजे डॉ. दादा गुजर यांनी सेवादलाच्या संस्कारातून उभ्या केलेल्या स्वयंसेवी संस्थेच्या आधाराने, सातपुड्यातील धडगाव परिसरात रुग्णांच्या उपचाराचे काम चालवले. काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांच्या कामाचे खरे महत्त्व त्यांनी केलेल्या समाजवार मांडणीत आहे. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार महाराष्ट्रातील निरनिराळ्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलते. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या समाजांत ते २० ते ३५ टक्के आहे. आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी ५,०००हून अधिक रुग्ण असावेत.

या यादीत नाशिक जिल्हा नाही, आणि कळवणच्या दृष्टीने ही अनुपस्थितीच निर्णायक ठरते. जास्त प्रमाण असलेल्या समाजांत भिल्ल आहेत आणि कळवणच्या गावोगाव भिल्लवस्त्या आहेत, म्हणजे आजार येथे असण्याला कारण आहे. पण त्याच गावात शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या समाजात प्रमाण वेगळे असू शकते, आणि जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येत, नाशिक-मालेगावसारख्या शहरांसह, रुग्णांची संख्या विरळ होऊन जाते. जिल्हा हे मोजमापाचे एकक धरले की कळवणचा डांग दिसेनासा होतो. दुर्मीळपणा ही मुळातच मोजणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असलेली गोष्ट आहे : अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी लोकांना होणाऱ्या आजाराला कायद्याने दुर्मीळ मानले जाते आणि सुमारे एक लाख रुग्णांचा सिकलसेल तेथे त्या व्याख्येत बसतो, तर धडगावच्या एखाद्या पाड्यात तो घरोघरीचा असतो. कळवण या दोहोंच्या मधे पडतो. येथे रुग्ण इतके नाहीत की प्रत्येक भावकीला त्याची ओळख असावी, आणि इतके थोडेही नाहीत की त्यांना अपवाद म्हणून सोडून द्यावे. संस्था उभारणीच्या दृष्टीने ही सर्वांत अवघड अवस्था होय.

संस्था कोठे उभी राहते हे पाहायचे, तर नागपूरकडे पाहावे लागते. विदर्भात सिकलसेल केवळ आदिवासींत नसून अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास समाजांतही मोठ्या प्रमाणात आहे, आणि यांपैकी बौद्ध समाजाजवळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण, सरकारी आणि सार्वजनिक उद्योगांतील नोकऱ्या, तसेच आंबेडकरी चळवळीने घडवलेली सभा घेण्याची, निवेदन देण्याची, अधिकाऱ्याला जाब विचारण्याची सवय होती. संपत रामटेके यांनी नागपुरात स्थापन केलेली सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही या भूमीतून उगवली. रामटेके डॉक्टर नव्हते. आजार स्वतःच्या घरात आल्यामुळे ते या कामात ओढले गेले, आणि तपासणी शिबिरे, पालकांचे मेळावे, शासनाकडे पाठपुरावा अशा मार्गांनी त्यांनी रुग्णांच्या कुटुंबांना एकमेकांची ओळख करून दिली. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. नागपुरातच पुढे रुग्णांच्या संघटनांना एकत्र आणणारी नॅशनल अलायन्स ऑफ सिकलसेल ऑर्गनायझेशन्स ही शिखर संस्थाही कार्यरत झाली.

अशा पालक-नेतृत्वाचा अधिकार डॉक्टरच्या अधिकाराहून वेगळा असतो. रात्री दोन वाजता ठणका उठलेल्या मुलाला घेऊन रुग्णालयात गेल्यावर तेथील नवख्या डॉक्टरला हा नाटकी मुलगा वाटू नये म्हणून काय सांगावे, मुलाला पाणी सतत प्यायला लावणे, थंडीत उबदार ठेवणे, ताप आला की वाट न पाहणे या गोष्टी शाळेच्या गुरुजींना कशा पटवाव्यात, मुलीच्या आजाराची गोष्ट लग्नाच्या बोलणीत केव्हा काढावी, हे ज्ञान ग्रंथांत नसते आणि ते फक्त त्याच वाटेने गेलेला माणूस देऊ शकतो. भारतातील आनुवंशिक रक्तविकारांच्या क्षेत्रात याचे आधीचे उदाहरण हिमोफिलियाचे आहे : रक्त न गोठण्याचा हा आजार स्वतः भोगणारे अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ मध्ये दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशन स्थापन केले आणि शहरोशहरी शाखा काढण्याची पद्धत पाडली. इंग्लंडमध्येही १९७९ मध्ये सिकल सेल सोसायटी रुग्ण, पालक आणि आरोग्यसेवकांच्या पुढाकाराने निघाली. या सर्व संस्थांत एक समान धागा आहे : त्या अशा शहरांत उभ्या राहिल्या, जेथे एका मोठ्या रुग्णालयाच्या एकाच वॉर्डात तीच कुटुंबे पुनःपुन्हा भेटत होती. पालक-संघटनेचे बीज बहुधा वॉर्डाबाहेरच्या बाकावर पडते.

कळवणला असा बाक नव्हता. तालुक्यात रेल्वे नाही. एसटीने नाशिक गाठायला निम्मा दिवस जातो. सुरगाण्याच्या बाजूच्या गावांना उपचारासाठी घाट उतरून गुजरातेत जाणे अधिक सोयीचे पडते. एका आजाराची कुटुंबे अशी वेगवेगळ्या दिशांना पांगत असल्यामुळे त्यांनी एकमेकांना ओळखण्याचा प्रसंगच दुर्मीळ होतो. पण केवळ भूगोलावर बोट ठेवून थांबणे अपुरे ठरेल, कारण याच पट्ट्याने संघटन करण्याची ताकद इतर बाबतींत भरपूर दाखवली आहे. दादासाहेब बिडकर यांनी स्वातंत्र्यापूर्वी स्थापन केलेल्या डांग सेवा मंडळाने शाळा, वसतिगृहे आणि पुढे महाविद्यालये चालवून नाशिकच्या आदिवासी भागात, अभोण्यासह, शिक्षणाची परंपरा घडवली. दीर्घकाळ कळवणचे प्रतिनिधित्व केलेले अर्जुन तुळशीराम, म्हणजे ए. टी. पवार, यांचे राजकारण धरणे आणि पाणी यांभोवती फिरले, आणि पुनद प्रकल्पाचा जलाशय आज अर्जुनसागर म्हणून ओळखला जातो. वनजमिनीच्या हक्कासाठी किसान सभेने उभारलेल्या लढ्याची परिणती मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात झाली, आणि त्याच्या नेत्यांपैकी जे. पी. गावित हे त्या वेळी कळवणचे आमदार होते. शिक्षण, पाणी आणि जमीन या तीन गोष्टींसाठी हा तालुका पुनःपुन्हा एकत्र आला. आजारासाठी आला नाही.

याचा अर्थ लावताना गडचिरोलीचा अनुभव उपयोगी पडतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केल्यानंतर सुरुवातीच्या काळात गडचिरोलीतील सिकलसेलचे सर्वेक्षण केले आणि आजार तेथे मोठ्या प्रमाणावर असल्याचे सिद्ध केले. पण रुग्णांना देण्यासारखे त्या वेळी हाती फारसे नव्हते, आणि लोकांच्या लेखी हा त्यांचा अग्रक्रमाचा प्रश्न नव्हता. डॉ. बंग यांनी पुढे अनेकदा हा अनुभव, संशोधकाने लोकांना न विचारता लोकांचा प्रश्न ठरवण्याच्या चुकीचे उदाहरण म्हणून, मांडला आहे. ही मांडणी प्रामाणिक आहे, तथापि ती जशीच्या तशी सर्वत्र लावता येत नाही. लोकांना विचारले तर ते जमीन आणि पाणी सांगतात हे खरे. पण ज्या आजाराला नावच नाही, जो कधी संधिवात, कधी कावीळ, कधी रक्त कमी असण्याच्या नावाखाली वेगवेगळ्या कागदांवर विखुरला आहे, तो कोणी मागणी म्हणून सांगणार तरी कसा? मागणी निर्माण होण्याआधी निदान व्हावे लागते, आणि निदान हे बाहेरूनच येते. म्हणून कळवणच्या बाबतीत बाहेरून आलेल्यांचा इतिहास हाच कामाचा इतिहास ठरतो.

बाहेरून येणारी पहिली वाट घाटाखालून होती. वलसाडच्या रक्तदान केंद्राच्या आधारे डॉ. यझदी इटालिया यांनी दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलच्या तपासणीचे काम अनेक वर्षे केले आणि त्याच्या पायावर गुजरात शासनाने २००६ मध्ये सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. इटालिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. एक रक्तपेढी, म्हणजे मुळात वेगळ्याच कामासाठी निघालेली स्वयंसेवी संस्था, राज्याच्या कार्यक्रमाचा आराखडा घडवते, ही घटना संस्थांच्या इतिहासात लक्षणीय आहे. जे कोकणा कूळ सुरगाण्यात आहे तेच धरमपूर-वांसद्यात आहे. त्यामुळे एकाच कुळातील एका भावाची मुले गुजरातच्या कार्यक्रमात तपासली गेलेली आणि दुसऱ्याची महाराष्ट्रात न तपासलेली, अशी स्थिती राज्याच्या सीमेमुळे काही काळ संभवत होती. आनुवंशिक आजार नात्यांच्या सीमा पाळतो. प्रशासन जिल्ह्याच्या आणि राज्याच्या.

महाराष्ट्र शासनाने आपला सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू करून पुढे टप्प्याटप्प्याने इतर आदिवासी जिल्ह्यांपर्यंत वाढवला. कळवणमध्ये तो ज्या रचनेवर बसला ती आधीच तयार होती : आदिवासी उपयोजनेतून आलेले एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, त्याच्या अखत्यारीतील निवासी आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपजिल्हा रुग्णालय आणि गावातल्याच बाईला आरोग्यसेवेशी जोडणाऱ्या आशा कार्यकर्त्या. तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या, म्हणजे विद्राव्यता चाचणीत रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि द्रावण गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढे कळते. पण माणूस वाहक आहे की रुग्ण हे त्यातून कळत नाही आणि त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. या दोन चाचण्यांच्या मधला काळ हा कार्यक्रमाचा सर्वांत नाजूक भाग आहे. आश्रमशाळेतील मुलीच्या रक्तात ‘काहीतरी निघाले’ ही बातमी दुसऱ्या चाचणीचा निकाल येण्याआधी गावात पोहोचली, तर वाहक आणि रुग्ण हा फरक कोणी कितीही समजावला तरी मागाहून रुजत नाही.

दुसऱ्या चाचणीनंतर वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत पडली. कार्डाचा हेतू उघड आहे : कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर निदान पुन्हा पहिल्यापासून करावे लागू नये आणि दोन वाहकांनी लग्नाआधी विचार करावा. मात्र रक्तातील दोष माणसावर रंगाने दाखवण्याच्या कल्पनेमागे एक अस्वस्थ करणारा इतिहास आहे. ज्यांनी सिकलसेलचे रेण्वीय कारण शोधले त्या पॉलिंग यांनीच १९६८ मध्ये वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर गोंदण करावे असे सुचवले होते, आणि अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानंतर झालेल्या व्यापक तपासण्यांत वाहक व रुग्ण यांतील फरक पुसला जाऊन निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विम्यात अडचणी आल्या. तेथील वायुदलाच्या अकादमीने वाहकांवरील बंदी १९८१ मध्ये उठवली. कळवणमधील कार्डाची तुलना या गोंदणाशी करणे अन्यायाचे होईल, कारण कार्ड खिशात राहते. परंतु ते खिशातच राहील याची हमी फक्त विश्वासाचा माणूस देऊ शकतो, नियमावली नव्हे.

लग्नाच्या प्रश्नावर सरकारी प्रचाराने घेतलेली एक उपमा येथे तपासण्यासारखी आहे. लग्नात पत्रिका जुळवतात तशी सिकलसेलची कार्डे जुळवा, असा संदेश अनेक ठिकाणी दिला गेला. तो शहरी मध्यमवर्गाला चटकन समजतो. डांगातील परंपरेत मात्र सोयरीक कुळावरून आणि देज म्हणून मुलीच्या बापाला द्यायच्या रकमेवरून ठरत आली आहे, पत्रिका हा तेथील जुना व्यवहार नाही. कोकणा समाजात एकाच कुळात लग्न करीत नाहीत, आणि हा नियम पाळणाऱ्यांना आनुवंशिकतेची मूळ कल्पना शिकवावी लागत नाही, कारण रक्ताच्या नात्यात विवाह नको हा विचार त्यांच्याकडे पूर्वीपासून आहे. सांगायचे एवढेच राहते, की कूळ वेगळे असले तरी दोन कुळांत एकच जनुक असू शकते. कार्यक्रम कुळाच्या भाषेत मांडला असता तर तो कमी उपरा वाटला असता. दुसरीकडे, मूल आजारी निघाले की दोष आईला लावण्याची रीत येथेही आहे, आणि आजार दोघांकडून येतो ही साधी माहिती त्या आईच्या बाजूने उभी राहणारी सर्वांत मोठी साक्ष असते. एखादी आशा कार्यकर्ती सासऱ्यासमोर ही गोष्ट ठामपणे सांगते, तेव्हा शहरातील संस्थेचा अध्यक्ष करतो तेच काम ती, पदाविना, करीत असते.

औषधोपचाराची बाजूही नेतृत्वाच्या स्वरूपावर परिणाम करणारी ठरली. हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे कर्करोगावरचे औषध शरीरात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवून ठणक्याचे झटके कमी करते हे १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आणि १९९८ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. त्यामुळे रुग्णाला सांगण्यासारखे काहीतरी हाती आले, जे गडचिरोलीच्या पहिल्या सर्वेक्षणाच्या वेळी नव्हते. पण हे औषध रोज घ्यावे लागते, त्यासाठी रक्ताच्या पेशी ठरावीक काळाने मोजाव्या लागतात, आणि कांद्याच्या लागवडीला किंवा द्राक्षबागांच्या कामाला गाव सोडून जाणाऱ्या मजूर कुटुंबात औषधाची साखळी तुटते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली खरी, पण त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत आहे. डांगातील रुग्णाच्या दृष्टीने फॉलिक ॲसिडची गोळी, लसीकरण, तापाला लगेच उपचार आणि जवळ मिळणारे रक्त या गोष्टींचाच हिशेब खरा आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतील शून्य ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. त्या वेळी केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार या दिंडोरीच्या खासदार आणि ए. टी. पवार यांच्या स्नुषा. म्हणजे ज्या तालुक्यातून या आजारासाठी कधी मोर्चा निघाला नाही, तेथल्याच राजकीय घराण्यातील व्यक्ती या अभियानाच्या आरंभी संबंधित खात्यात होती. योगायोगाला फार अर्थ देऊ नये. ‘निर्मूलन’ या शब्दाबद्दल मात्र सावध राहणे योग्य, कारण जनुकाचे निर्मूलन होत नाही. रुग्ण बालकांचे जन्म कमी होऊ शकतात, आणि आज जिवंत असलेल्या रुग्णाला त्या उद्दिष्टात स्वतःची जागा कोठे आहे हे कळावे लागते.

ती जागा कायद्याने अंशतः दिली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेलचा समावेश झाला, आणि यामागे रुग्ण-पालक संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. महाराष्ट्रात सिकलसेलच्या रुग्णांना एसटीच्या प्रवासात सवलत मिळाली, जिचा उपयोग कळवण-नाशिक अंतर कापणाऱ्या कुटुंबाला इतर कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक प्रत्यक्ष होतो. पण याच अधिनियमाच्या ३४ व्या कलमात सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षण ज्या गटांसाठी आहे, त्यांत रक्तविकार येत नाहीत. आश्रमशाळेत शिकून, आजार सांभाळून पदवीपर्यंत पोहोचलेल्या तरुणाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते, त्या प्रमाणपत्रावर नोकरीचे आरक्षण मिळत नाही, आणि ऊस-कांद्याच्या शेतातील मजुरी त्याच्या शरीराला झेपत नाही. रुग्णांच्या संघटना या तरतुदीत बदल मागत आल्या आहेत.

कळवणच्या बाजूने या मागणीत भर घालू शकेल असा वर्ग आता तयार होत आहे, तो म्हणजे लहानपणी आश्रमशाळेत तपासले गेलेले आणि आता विशी ओलांडलेले रुग्ण व वाहक. त्यांच्या आईवडिलांना आजाराचे नाव मुलांच्या कार्डावरून कळले. यांना ते शाळेपासून माहीत आहे. नागपूरच्या पालकांना जो वॉर्डाबाहेरचा बाक मिळाला, त्याच्या जागी यांच्याजवळ भ्रमणध्वनीवरील गट आहेत, आणि जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सीमेने त्यांचे नाते तोडले जात नाही. त्यांची औपचारिक संस्था निघेल की नाही हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदणीपेक्षा त्यांच्यापैकी किती जण पोटासाठी तालुका सोडून नाशिकच्या सातपूर-अंबडकडे जातात, यावर अधिक अवलंबून आहे.